शेंद्र्याच्या नववीत नाटकाचा तास

आधीच सांगून टाकते, या लेखात लेणी नाहीत. छत्रपती संभाजीनगरला जाऊन लेणी न बघता परत आलेली वडशातली मी बहुधा पहिलीच. शेजारच्या काकूंनी तोंडावर विचारलं, "मग गेली कशाला होतीस?" मी नाटक शिकवायचं कसं ते शिकायला गेले होते. काकूंचा चेहरा आणखीच बुचकळ्यात. "आपल्याकडे नाटक काय शिकवावं लागते?"

प्रश्न बरोबर आहे, आणि माझं सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दिवाळी सरली की गावोगाव नाटकं लागतात. धानाच्या कापलेल्या बांधीत मंडप पडतो, लोक ट्रॅक्टर भरून येतात आणि उजाडेपर्यंत हलत नाहीत. वडशाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांचे फलक आहेत. ज्या मुलखात पोर पाळण्यातून मान वर करून नाटक बघतं, तिथल्या आमच्या शाळांच्या वेळापत्रकात नाटकाचा तास नाही. कलेचा म्हणून एक तास असतो, तो गणिताचे सर घेतात आणि त्यात वर्गमूळ काढायला लावतात. हा उघडउघड दरोडा आहे. मी ज्या संघटनेत काम करते तिच्यातर्फे आम्ही तसं पत्रक काढलं. मजकूर माझा. 'दरोडा' हा शब्दही माझा.

पत्रक वाचून एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मला वाटलं आता खडाजंगी होणार. ते शांतपणे म्हणाले, "बुधवारचा तास देतो तुम्हाला. आठवी-नववी. पण शिकवणार कोण?"

"मी."

"तुमचं बी.एड. मराठीचं आहे. नाटकाचं प्रमाणपत्र आणा. नवीन सत्राच्या आत आणलं तर तास तुमचा. नाही आणलं तर गणित."

पत्रक काढणाऱ्याला 'हो' ऐकायची सवय नसते. मी जरा गडबडलेच. मग नाट्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवलं. या अभ्यासक्रमाचा लेखी भाग घरी बसून होतो. शेवटचं प्रशिक्षण मात्र संभाजीनगरला, आणि त्याच्या शेवटी खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे एक पाठ घ्यायचा. तो पाठ पडला की वर्ष गेलं. माझं वर्ष गेलं असतं तर मला फार वाईट वाटलं नसतं. वडशाचा बुधवार गेला असता.

पुंडलिकनगर

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. माझ्या पाठीमागच्या सीटवरची आजी गावाचं जुनं नाव घेत होती, कंडक्टर नवीन घेत होता, आणि एसटीनं दोघांना एकाच स्टँडवर उतरवलं.

पुंडलिकनगरात साळवेकाकूंकडे माझी राहायची सोय होती. काकू सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. दार उघडलं तर समोरच्या भिंतीवर आमच्या घरातलेच दोन फोटो, तथागत आणि बाबासाहेब, आणि तसाच निळ्या कागदी फुलांचा हार. "जय भीम" म्हटलं आणि परकेपणा तिथंच संपला. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना शब्दामागे 'जी' लावतात. दोन वाक्यांतच काकूंनी मला थांबवलं. "हो जी, नाही जी काय करायलीस? सासरी आल्यावानी वाटतं मला."

"सवय आहे जी."

"बघ, परत."

आमचा मुलूख तळ्यांचा. प्रत्येक गावाला तलाव, शेतात बोडी म्हणजे छोटं तळं, घरामागे विहीर. इथं नळाला रोज पाणी येत नाही. कोणत्या गल्लीत कधी येणार हे इथल्या बायकांना असं पाठ असतं, जसं आमच्याकडे कोणत्या गावाला कधी कोणतं नाटक लागणार ते. मी गेले त्याच दिवशी नळ आला. अख्खी गल्ली धावली. मी संतापून विचारलं, "काकू, तुम्ही लोकांनी मोर्चा नाही काढला कधी?"

"लई काढले."

"मग पत्रक? मी लिहून देते. आत्ता."

"लिहून दे. पण आधी ही बादली धर."

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसरची आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून ठेवलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात पडलं की घरभर लग्नाच्या पंगतीचा वास. मी तीन वाट्या प्याले. भात मात्र सगळ्यात शेवटी, मूठभर, जणू चुकून उरलेला. आमच्याकडे भात नसेल तर माणूस जेवला असं कोणी म्हणत नाही. काकूंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मग भाकरी काय टाईमपास म्हणून खाल्लीस का?"

तोंडात पाणी

आमच्या प्रशिक्षिका नसरीन शेख. आयुष्यभर शाळांमधून नाटक शिकवलेली बाई. पांढरी वेणी, पायात कापडी बूट, मराठी स्वच्छ. चिडल्या की मात्र सरळ दखनीवर येतात. पहिल्याच सकाळी त्यांनी नियम सांगितला. "शिक्षकानं करून दाखवायचं नाही. मुलाला वाक्य द्यायचं नाही. मूल अडलं तर अडू द्यायचं."

मी हात वर केला. "मूल अडलं आणि आपण बघत बसायचं? हा कुठला न्याय?"

"मदत कर ना. वाक्य देऊ नको."

"फरक काय?"

"तो समजला तर प्रमाणपत्र मिळेल," त्या म्हणाल्या, "नै समजला तर परत ये पुढच्या साली. शहर अच्छा है."

माझ्या शेजारी देवगाव रंगारीचे कडुबा सर बसले होते. भूगोल शिकवतात; शाळेचं स्नेहसंमेलन दरवर्षी तेच बसवतात म्हणून संस्थेनं त्यांना पाठवलेलं. भरघोस मिश्या, खिशात दोन पेनं. ते हळूच म्हणाले, "मॅडम, मी तर पंधरा वर्षं नुसती वाक्यंच द्यायलोय. आता काय करावं?"

माझी अडचण त्यांच्याहून मोठी होती. माझे बाबा प्रॉम्प्टर. आमच्या नाटकांत रंगमंचाच्या पुढ्यात, वाद्यवाल्यांच्या शेजारी, एक माणूस संहिता घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी बोलतो. प्रेक्षकांना ऐकू जात नाही, नटाला जातं. नट आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत. तालमी कुठल्या व्हायला? सगळं नाटक त्या आवाजावर चालतं. मी त्या आवाजाच्या मांडीवर वाढले. समोर माणूस अडला की माझं तोंड आपोआप उघडतं. त्यावर संघटनेनं मला घोषणा द्यायला शिकवलं, म्हणजे एकानं म्हणायचं आणि हजारांनी तेच म्हणायचं. आता सांगा, या बाईंच्या नियमात मी बसणार कशी?

नाहीच बसले. आम्ही प्रशिक्षणार्थीच विद्यार्थी व्हायचो आणि पाळीपाळीनं एकेकानं शिकवायचं. माझ्या पाळीला कडुबा सर दुकानदार झाले होते. ते मधेच थांबले, डोकं खाजवलं, आणि मग माझ्याकडे बघत फाडफाड बोलत सुटले. मला वाटलं, वा, काय शिकवलं मी. नसरीन मॅडमनी टाळी वाजवून थांबवलं.

"प्रज्ञा, तू त्याला वाक्य दिलंस."

"मी तोंडातून अक्षर काढलं नाही."

"ओठ हलतात तुझे. सगळा वर्ग तुझ्या ओठांवर वाचतोय."

कडुबा सर खाली मान घालून म्हणाले, "वाचलं मी. पण लई ठळक दिसत होतं हो."

दुसऱ्या दिवसापासून शिक्षा सुरू. दुसऱ्याचं काम चाललेलं असताना मी तोंडात पाण्याचा घोट धरून उभं राहायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. ज्या शहरात पाण्यासाठी गल्ली धावते तिथं मी पाणी तोंडात धरून गप्प उभी. निषेध नोंदवायचा होता, पण तोंड भरलेलं. पहिल्या दिवशी निभावलं. नंतर कडुबा सरांनी जावयाचं काम केलं. सासऱ्याच्या घरी उकडलेली अंडी समोर आली आणि शाकाहारी बायकोसमोर ती कशी लपवायची यावर त्यांनी एक अंडं मिशीखाली असं काही दाबलं की माझा सगळा घोट पुढच्या रांगेवर. नसरीन मॅडमच्या चष्म्यावरही. त्यांनी चष्मा पुसला, घातला, म्हणाल्या, "हौ. चांगलं केलंस. वाक्यापेक्षा बरं होतं."

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. खरं सांगू, इतका आनंद मला कोणत्या सभेत झाला नव्हता. दिवसभर मोठी माणसं सिंह होत होती, मावश्या होत होती, बंद पडलेली जीप होत होती. आणि हे सगळं शाळेसाठी. संध्याकाळी पुंडलिकनगरला परत जाताना रिक्षात मी एकटीच बडबडत असायचे.

एके दुपारी मॅडम आम्हाला जुन्या शहरात नान-खलिया खायला घेऊन गेल्या. एका जुन्या दरवाजाच्या कमानीतून रिक्षा, बकऱ्या आणि आम्ही एकदमच आत शिरलो. नान पिवळा, चकाकता, लुसलुशीत. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, तांबडा, तर्रीचा. कडुबा सरांनी भाकरीसारखा नान कुस्करायला घेतला तर वाढणाऱ्यानं त्यांचा हात धरला, "चाचा, तोड के खाओ, चूरा नक्को करो."

मी मॅडमशी वाद उकरून काढलाच. "मॅडम, माझे बाबा आयुष्यभर वाक्यं देतात. त्यात वाईट काय?"

"काही नाही. त्यांच्यापुढे नट आहे. तो पैसे घेतो, वाक्य म्हणतो, तिथंच ठेवून घरी जातो. पोरगं तुझं वाक्य घेऊन घरी जातं."

"मग पत्रकाचं कामच ते आहे. वाक्य घरी पोचलं पाहिजे."

"तर पत्रक छाप ना," त्या नान मोडत म्हणाल्या. "पोरगं कशाला छापतीस?"

 खलियाचं निमित्त करून मी तोंड भरलं.

देवगाव रंगारी

रविवारी कडुबा सरांनी मोटारसायकलवरून त्यांच्या गावी नेलं. वाटेत देवगिरीचा किल्ला लागला. उघडा डोंगर, त्यावर तासून काढल्यासारखा कडा. आमच्याकडे क्षितिज दिसत नाही, मध्ये सागाची झाडं येतात. इथं नजर टाकली की जातच राहते. काळी जमीन, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, मक्याची कणसं वाळत घातलेली, मधेच आद्रकीची हिरवी वावरं. "आद्रक भाव खाती," सर ओरडून सांगत होते, "अन् नंतर आपल्याला खाती."

त्यांच्या घरी बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत. वहिनी वाढताना सारखं विचारत होत्या, "तिखट झालं का?" मी नाही म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

जेवण झाल्यावर सरांनी कौतुकानं शाळा दाखवली. रविवार असल्यानं पटांगण मोकळं. स्टेजचा ओटा सिमेंटचा, मागे निळी भिंत. सर त्यावर चढून सांगायला लागले, इथं गेल्या वर्षी दरबार भरवला होता, इथं सिंहासन, इथं राजा.

"राजा कोण झाला होता?"

"आमच्या मंडपवाल्याचा पोरगा."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"त्याचाच थोरला." सर हसले. "त्यांचा बाप मंडप देतो, स्पीकर देतो, मॅडम. राजा दुसऱ्याचा करून कसं चालंल?"

"आणि बाकीची पोरं?"

"बाकीची झाडं. हिरव्या कागदाचे डगले असतेत आपल्याकडं. लई झकास दिसतं."

माझं डोकं फिरलं. वस्तीवरची, मजुरांची पोरं झाडं, आणि मंडप देणाऱ्याचा पोरगा राजा. मी त्या ओट्यावर उभं राहून सरांना जे काही ऐकवलं ते दोन पत्रकांचा मजकूर होईल एवढं होतं. "तुम्ही भूगोलाचे शिक्षक आहात, सर. गावाचा नकाशाच स्टेजवर काढता की तुम्ही. कुणाचं घर कुठं, ते सगळं जसंच्या तसं."

सरांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "व्हय. तसंच हाय. पण मंडप नसला तर राजा न झाड दोघंबी उन्हात. ते तुमच्या पत्रकात कोण लिवणार?"

 पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर मला सोडताना त्यांनी गाडी बंद केली नाही, तशीच सुरू ठेवून म्हणाले, "ते झाडाचं तुमी बोलल्या ना, ते लागलं मला. वंगाळ नाय वाटलं. लागलं."

शेंद्रा

पाठासाठी आम्हाला शेंद्र्याची शाळा मिळाली होती. रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांच्या लांबलचक भिंती, त्यावर निळे पत्रे. दुसऱ्या अंगाला कपाशी आणि गोठे. सकाळी शिफ्टच्या बसगाड्यांतून उतरलेली माणसं डब्याच्या पिशव्या हलवत गावात शिरत होती आणि त्याच रस्त्यानं म्हशी बाहेर पडत होत्या.

परीक्षक आधीच येऊन बसले होते. पैठणकडचे निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, आवाज असा की कुजबुजले तरी मैदानावर पोचेल. बोलणं अगदी पुस्तकी. "संवादफेक, देहबोली, सहभाग," त्यांनी आम्हाला बजावलं. "या तिन्हींचे गुण स्वतंत्र आहेत."

आधी कडुबा सरांचा पाठ, आठवीवर. त्यांनी काय केलं असेल? अख्खा वर्ग झाडं केला. राजा कोणीच नाही. वारा आला, गाई आल्या, मग रस्ता रुंद करणारे लोक आले, आणि झाडांनीच आपसात बोलून ठरवलं की आता काय करायचं. एक बाभूळ इतकी भांडखोर निघाली की परीक्षकसुद्धा हसले. सर घामाघूम होऊन बाहेर आले. मी त्यांचा हात धरून जोरात हलवला.

मग नववी, माझी. दाराशी वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, चांगल्या बोलणाऱ्या पोरी पुढं बसवल्यात. मागच्या बाकावर पायल हाय, तिला घेऊ नका. ती बोलतच नाय. तुमचा पाठ पडंल."

त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. पण देवगावच्या ओट्यावर एवढा तमाशा करून आलेली मी, त्या सल्ल्यावर 'बरं' म्हणू शकत नव्हते.  नसरीन मॅडमनी फक्त एक सूचना दिली होती: "पोरांच्या पाठीमागं उभी राहा. तुझे ओठ कुणाला दिसायला नकोत."

माझ्या पाठाच्या आधीच्या टाचणात व्यसनमुक्तीवरचं नाटुकलं होतं, शेवटी घोषणेसकट. मॅडमनी ते परत दिलं होतं. "दारू वाईट, हे सांगायला तू वडशाहून आलीस?" म्हणून आता माझ्याकडे फक्त एक प्रश्न होता. मी तो विचारला. "तुमच्या घरी असं काय होतं, जे माझ्या गावात होत नसेल?"

थोडी चुळबूळ झाली. मग ऋषिकेश नावाचा दांडगा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं दिवसा रात असती."

वर्ग हसला. मी म्हटलं, "म्हणजे?"

"पप्पाची नाईट असली की. सकाळी येतेत अन् झोपतेत. मग घरात कोणी आवाज काढायचा नाय."

"आमच्यात पण," दुसरी म्हणाली. "आमच्यात तर काका न पप्पा दोघंबी." मग अर्धा वर्ग सांगायला लागला. पत्र्याची एकच खोली, खाली बाप झोपलेला, आणि त्याच्या भोवती अख्खा दिवस पार पाडायचा.  आमच्या गावात रात्री जागून नाटक बघितलं की दिवसा झोपतात, पण तेव्हा सगळं गावच झोपलेलं असतं.

"चला, ते घर उभं करू. पप्पा कोण?" ऋषिकेश लगेच दोन बाक जोडून आडवा झाला. एक धाकटा भाऊ झाला, एक भंगारवाला. "आणि घर सांभाळणारी?"

पुढच्या बाकांवरचे सगळे हात वर. आणि मागे, खांद्यापेक्षा खालीच राहिलेला, पायलचा.

मी पायलला बोलावलं. वर्गशिक्षिकांनी खिडकीतून कपाळावर हात मारलेला मला दिसला.

मी मागे जाऊन परीक्षकांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. पायल पुढे जाऊन थांबली. नुसती थांबली. ओढणीचं टोक हातात, नजर जमिनीवर. वर्ग गप्प. परीक्षकांनी पेन उघडलं. माझ्याकडे तिच्यासाठी वाक्य तयार होतं: 'बाबा झोपलेत, हळू बोला.' दुसरंही तयार होतं. तिसरंही. जीभ टाळ्याला लावून मी ते तीनही धरून ठेवले. घोट धरण्यापेक्षा कितीतरी अवघड. कडुबा सर दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते, पायलकडे नाही.

मग पायलनं चप्पल काढली. चवड्यांवर चालत, तिथं नसलेल्या चुलीशी गेली. कुकरकडे कान लावला, आणि शिट्टी व्हायच्या नेमकी आधी ओढणीनं धरून तो उतरवला. वर्गातून एक खुसखुस. ताट ठेवताना आधी खाली फडकं. धाकट्या भावानं मोबाईल मागितला, तिनं मान हलवली. त्यानं मारायला हात उगारला, तिनं तो हवेतच पकडला, कारण लागला असता तर आवाज झाला असता. ऋषिकेशनं कूस बदलली. ती, भाऊ, सगळं घर जागच्या जागी थिजलं. तो घोरायला लागला तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

बाहेरून भंगारवाला ओरडत आला. ती फळ्याच्या कडेला, खिडकीशी धावली, हात जोडले, आतल्या बाकाकडे बोट दाखवलं. भंगारवाल्यानं मान डोलावली आणि अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं म्हणाला, "भंगारवाले." वर्गातली पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. हसत होती, पण आवाज एकाचाही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या वर्गानं पाय वर, बाकाच्या आडव्या पट्टीवर घेतले आहेत, घासण्याचा आवाज होऊ नये म्हणून. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"थांबा," परीक्षक म्हणाले. त्या आवाजानं खिडकीची काच थरथरली. "बाळ, इकडे बघ. तू एकही संवाद म्हटला नाहीस. संवादफेकीचे गुण मी कशाला द्यावेत? मॅडमनी शिकवलं नाही का?"

 ज्या पोरीला कुणी कधी पुढं बोलावलं नाही, तिनं सगळा वर्ग आपल्या बोटांवर चालवला, आणि हे गृहस्थ गुण मोजतायत. माझं अख्खं भाषण तयार झालं, मागण्यांसह. पण पायल माझ्याकडे बघत नव्हती. ती चवड्यांवर चालत, बाकांच्या मधून, परीक्षकांच्या खुर्चीपर्यंत आली. ओठांवर बोट ठेवलं. वाकली आणि पुटपुटली, "पप्पा झोपलेत."

परीक्षकांनी तोंड उघडलं. मिटलं.

नेमक्या त्या क्षणी बाहेर शिपायानं तास संपल्याची घंटा दिली. लोखंडी तुकड्यावर लोखंड, ठण्ण ठण्ण. ऋषिकेश ताडकन उठून बसला. केस विस्कटलेले, डोळे लाल केलेले. "कोन हाय रे ते? बारा तास उभं ऱ्हाऊन आलोय मी." सगळं घर थिजलं. त्यानं एकेकाकडे बघितलं, पायलकडे, भावाकडे, भंगारवाल्याकडे, आणि शेवटी मागे, खुर्चीत बसलेल्या त्या एकमेव मोठ्या आवाजाच्या माणसाकडे.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात वर केले. आणि इतका हळू आवाज त्यांच्याकडे असेल असं कुणाला वाटलं नसतं, अशा आवाजात म्हणाले, "माझ्याकडं बघू नको, बाबा. मी नाय वाजवली."

मग मात्र वर्ग हशानं फुटला.

निकाल संध्याकाळी कळला. कडुबा सर पास, मी पास. संवादफेकीचे मला अर्धेच गुण मिळाले, आणि त्याबद्दल मी रीतसर लेखी हरकत घेतली आहे. नसरीन मॅडम म्हणाल्या, "पास झालीस ना, आता कशाला?" मी म्हटलं, गुण पायलचे आहेत, मी कोण सोडणार?

स्टँडवरूनच वडशाच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. "प्रमाणपत्र मिळालं, सर. बुधवार द्या."

ते आधी हसले. मग म्हणाले, "देतो. पण गणिताचे सर रागावतील."

"रागावू द्या," मी म्हटलं. "वर्गात पाठवा त्यांना. मागच्या बाकावर जागा ठेवते."